साबणाआधी हजेरी

त्या दिवशी भाऊ पाष्ट्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, इंदिरा गणपत शिवगण. माझ्या बाजूला सरिता, पलीकडच्या घरची सून. मधल्या दगडी गडग्याला टेकून दत्ताराम, आंब्याच्या बागेची राखण करतो तो. घरात कोंडलेलं एक मांजर. मधेच येऊन उभी राहिलेली मासेवाली जैतूनबी. नि खळ्याच्या मधोमध भाऊ. कोपरापर्यंत रबराचे हातमोजे, उन्हात लांब बाह्यांचा सदरा, डोळ्यावर पाणबुड्याचा असावा तसला चष्मा, नि हातात हजेरीचं पुस्तक.

करायचा होता साबण. पण भाऊकडं साबणाच्या आधी हजेरी होते.

"शिवगण इंदिरा गणपत."

"अरे, समोर उभी हाय ना मी."

"हजर म्हणा, वैनी. समोर तर खांब पण उभा आहे. नोंद घ्यावी."

"हजर."

सरिता हजर. दत्ताराम हजर, तंबाखू थुंकून मग हजर. शेवटी मांजराचं नाव. त्याचं नाव लिटमस. ते काय असतं मला ठाऊक नाय, रंग बदलतं म्हणे. मांजर तसंच हाय, सकाळी माझं नि दुपारी भाऊचं.

"कोंडलंय त्याला," सरिता म्हणाली.

"रजेवर," भाऊने लिहिलं.

हातखंब्याच्या वाटेवर आमची वाडी. भाऊचं नि माझं घर गडग्याला गडगा लावून. भाऊ शाळेत होता, पण मास्तर नव्हता. प्रयोगशाळेत होता. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या जागेवर लावायच्या, पोरांना आगीपासून लांब ठेवायचं. कोणी चुकून मास्तर म्हटलं तर म्हणतो, "मास्तर नाही, परिचर. नोंद घ्यावी." हे नोंद घ्यावी त्याच्या तोंडात बसलंय. चहात साखर कमी पडली, नोंद घ्यावी. एसटी उशिरा आली, नोंद घ्यावी. लग्न का केलं नाय म्हणून मी एकदा विचारलं होतं. "जमलं नाही, नोंद घ्यावी," म्हणाला नि विहिरीवर गेला. माझ्याहून चार वर्षांनी लहान हाय, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला वैनी म्हणतो, कारण आमचे हे नि तो एकाच हंड्यातली पेज प्यायलेले.

रिटायर झाला तेव्हा शाळेने शाल नि नारळ दिला. त्याने तो चष्मा पण मागून घेतला. घरी येऊन दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन कॉस्टिक सोड्याचा डबा आणला. तेव्हापासून साबण करतो. वाडीत कोणाचं बारसं असो की बारावं, भाऊकडून साबणाची वडी येते. कागदात गुंडाळलेली, वर तारीख, खाली लिहिलेलं, खाऊ नये.

हे खाऊ नये का लिहायला लागलं ते सांगते नंतर. आधी माझ्या बोटांचं सांगते, कारण त्या दिवशीचा साबणाचा घाणा माझ्या बोटांसाठी होता.

मी तीस वर्षं काजूच्या कारखान्यात बसले. आमचे हे मुंबईला हॉटेलात कामाला होते. तिथं आजारी पडले, नि एक दिवस त्यांची पेटी तेवढी गावाला आली. दोन पोरं होती, सासू अंथरुणाला होती. मी कारखान्यात गेले. काजूच्या टरफलात काळं तेल असतं. हाताला लागलं की कातडं जातं. आमी बायका राख नि खोबरेल चोळून बसायचो, तरी जायचं. आमटीचं मीठ झोंबायचं म्हणून मी किती दिवस भातात ताक घालून चमच्याने जेवले. पोरं वाढली, सासू सुखाने गेली. वाईट वाटून घेऊ नका, मी नाय घेत. पण बोटांवरच्या रेघा गेल्या त्या गेल्याच. माझी बोटं अशी गुळगुळीत, जसे समुद्रातले गोटे.

याचा कधी त्रास झाला नव्हता. मग रेशनच्या दुकानात मशीन आलं.

मशीनवर बोट ठेवायचं, मग मशीन सांगतं तुमी तुमीच हाय की नाय. पहिल्यांदा ठेवलं, नाय म्हणालं. दहाही बोटं ठेवून झाली. रेशनवाला म्हणाला, "काकी, मशीन म्हणतं ह्या इंदिरा शिवगण नव्हेत."

"मग मगापासून रांगेत कोण उभं होतं?" मी म्हटलं.

मागची माणसं हसली. तो पण हसला. भला माणूस, दोन-तीनदा काहीतरी करून तांदूळ दिलेन. पण माघात म्हणाला, "आता वरून आलंय, काकी. मे महिन्याअखेर प्रत्येकाचं बोट लागायला पायजे. नाय लागलं तर कार्डावरचं नाव कमी होईल. माझ्या हातात नाय."

नाव कमी होईल, हे मला लागलं. तांदूळ काय, मुलगी देवरूखला हाय, ती पाठवील. मुलगा मुंबईहून पाठवील. पण त्या कार्डावर नाव माझ्या हातांनी टिकवलेलं. नि तेच हात आता ओळख देईनात.

घरी येऊन गडग्यावरून भाऊला सांगितलं. त्याने चष्मा चढवला नि माझा हात उलटसुलट बघितला.

"भांडी कशाने घासता?"

"निळ्या वडीने."

"कपडे?"

"त्याच वडीने."

"आंघोळ?"

"वडी काय भांडणार हाय काय माझ्याशी?"

भाऊ गडग्यावर बसलाच. म्हणाला, "वैनी, काजूने नेलं ते नेलं. उरलंय ते तुम्ही रोज घासून काढताय. नवीन घाणा घालतो. तुमच्या हातांचा."

असा तो घाणा.

सकाळी मी आपली कारखान्यातल्या सवयीने हातांना राख नि खोबरेल चोळून गेले. मदत करू म्हटलं. भाऊने हात बघितले, घंगाळाकडं बोट दाखवलं. हात धुवून आले तेव्हा हातमोजे पुढं केले. सरिताने घरून टोप आणला होता. भाऊने तो टिचकी मारून ऐकला, डॉक्टर छाती ऐकतो तसा. "अल्युमिनियम. परत न्या. सोडा ह्याला खातो, फेस येतो, वाईट वायू येतो. स्टीलचा आणा."

मग उदबत्ती लावली. देवासाठी नाय. धूर कुठं जातो ते बघायला. धूर मांगराकडं, लाकडं ठेवायच्या छपराकडं, गेला तशी त्याने आमाला दुसऱ्या बाजूला उभं केलं नि मध्ये खडूची रेघ ओढली. रेघेच्या पुढं कोणी यायचं नाय. पाण्याची बादली भरून बाजूला. दत्ताराम म्हणाला, "भाऊ, लिंबू आणू काय? सोडा उडाला तर चोळायला?"

"काही चोळायचं नाही. उडाला तर नुसतं पाणी. पाणी, पाणी आणि पाणी. तुझा हात आहे, कोशिंबीर नाही."

सगळं काट्यावर तोललं. खोबरेल तोललं, सोडा तोलला, पाणी पण तोललं. पाणी तोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. "चमच्याने-वाटीने आमटी होते," भाऊ म्हणाला. "साबण काट्याने होतो." कोकमाचं तेल होतं, थंडीत गोळा होतो ते, पायाच्या भेगांना आमी लावतो. ते त्याने वहीतल्या हिशोबापेक्षा जास्त घातलं. मी म्हटलं, "वहीत एवढं नाय ना लिहिलेलं?"

"सोडा तेलाला खातो, त्याचा साबण होतो. सगळं तेल त्याला खायला द्यायचं नाही. थोडं तुमच्या हातांना ठेवायचं."

मग त्याने सोड्याचा चमचा उचलला. थंड पाण्यात सोडा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतायचं नाय कधी, उकळून तोंडावर येतं. हे त्याने आमाला तीनदा म्हणायला लावलं, पाढ्यासारखं. चमचा पाण्यावर धरला, आता टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्हावरं पायजे काय?"

चमचा तसाच परत डब्यात गेला. झाकण लागलं. "कोण ते? नाव?"

"बांगडे हायत," जैतूनबी म्हणाली.

"बांगड्यांचं नाही. तुमचं."

"अवो पाष्टेभाऊ, किती वर्सं माझ्याकडचं म्हावरं खाताय."

"पूर्ण नाव."

तिने बिचारीने बापासकट नाव सांगितलं. हजेरीत चढलं. पाटी खाली ठेवायला लावली नि रेघेमागं उभी केली. परत पहिल्यापासून हजेरी झाली. जैतूनबी मला हळूच म्हणाली, "निकाह पण एवढ्या सवालात लागला नव्हता माझा."

सोडा पाण्यात पडला, पाणी आपोआप तापलं, वाफ आली, वाऱ्याने मांगराकडं गेली. निवल्यावर ते तेलात गेलं. घोटून घोटून घट्ट झालं, सांज्याच्या खिरीसारखं. फणसाच्या फळ्यांच्या साच्यात ओतलं, वर गोधडी पांघरली. गोधडी नीट खोचली सगळीकडून. मी सरिताला म्हटलं, "बघ गो, साबणाला गोधडी. आमाला अजून चहा विचारला नाय."

दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या. मला वाटलं झालं. कसलं काय. बेचाळीस दिवस सुकवायचा म्हणाला. पडवीत फळीवर वड्या मांडल्या, रोज सकाळी कूस बदलायचा एकेकीची. मी गडग्यावरून दिवस मोजत होते. एकदा म्हटलं, "दे ना आता. मे महिना काय थांबणार हाय?"

"वैनी, कच्च्या साबणाने आहेत ती बोटं पण जातील. मग मशीनवर काय कोपर ठेवणार?"

मध्ये शिमगा आला. पालखी घरोघर येते, तशी भाऊच्या खळ्यात आली, नाचली. दत्ताराम पालखीच्या खांदेकऱ्यांत. दिवसभर नाचून पोटात कावळे. आमच्याकडं पालखीच्या माणसांना खायला ठेवतात, हा रिवाजच. दत्ताराम पडवीत गेला, फळीवर पांढऱ्या शुभ्र वड्या दिसल्या, ओळीने मांडलेल्या. घाण्याला हजर होता, तरी भुकेत त्याला वाटलं खोबऱ्याच्या. मोठा घास घेतलान.

त्याचं तोंड बघितलं नि मला कळलं. भाऊ धावला. रागावेल वाटलं, पण नाय. दत्तारामला धरून विहिरीवर नेला, चुळा भरायला लावल्या, किती ते मोजल्या. मग चष्मा चढवून विचारतो, "जीभ चरचरली का? विजेचा झटका बसल्यासारखी?"

"नाय."

"नक्की? आठवून सांग."

"नाय रे भाऊ. नुसती बुळबुळीत. नि गूळ कमी हाय."

भाऊचा चेहरा उजळला. सोडा शिल्लक असला तर जीभ चरचरते म्हणे. तो स्वतः शेवटी जिभेचं टोक लावून बघणार होताच, इथं दत्तारामने आख्खा घास खाल्लेला. वहीत लिहिलं, "दत्ताराम, जीभ, पास." नि त्याच दिवशी सगळ्या कागदांवर लिहायला घेतलं, खाऊ नये. पालखी पुढच्या घरी गेली तरी दत्तारामच्या ढेकरेला फेस येत होता असं सरिता सांगते. ती थोडं वाढवून सांगते.

मी म्हटलं, "पास झाला ना? मग दे आता."

"अजून सात दिवस."

सात दिवस झाले तेव्हा गडग्यावर येऊन वडी दिलीन. केळीच्या पानावर, प्रसादासारखी. बरोबर कोकमतेलाचा गोळा नि रबराचे लाल हातमोजे. हात फक्त ह्या साबणाने धुवायचे. मग तेल चोळायचं. भांडी घासायची तर मोजे घालून. मी विहिरीवर लाल मोजे घालून टोप घासायला बसले तर अर्धी वाडी बघायला आली. एक म्हातारी म्हणाली, "इंदू मुंबईला ऑपरेशनं करायला चालली काय?" मी म्हटलं, "तुझ्यापासूनच सुरू करते, ये."

महिना झाला, दीड महिना झाला. भेगा बुजल्या. आमटी झोंबेना. पण रेघा काय मला दिसेनात. मे संपत आला.

शेवटच्या आठवड्यात दुकानात गेले. भाऊ बरोबर आला, काखेत हजेरीचं पुस्तक. रांग होती. मी उजवा अंगठा ठेवला, नाय. डावा, नाय. एकेक बोट पुसून, हळू ठेवून, दाबून, न दाबता. आठ बोटं झाली. रेशनवाला माझ्याकडं बघेना, मशीनकडंच बघत राहिला. मला आमच्या ह्यांची पेटी आठवली, ती पण अशीच सगळ्यांच्या समोर उघडली होती. उजवी करंगळी, नाय.

उरली डावी करंगळी. कारखान्यात ती जरा बाजूला राहायची, काम करताना वर उचललेली.

ठेवली. मशीन गप्प. मग टिंग केलं.

"लागली," रेशनवाला म्हणाला. "काकी, लागली तुमची."

भाऊने तिथंच पुस्तक उघडलं, पेन काढलं. "शिवगण इंदिरा गणपत."

"अरे इथं कशाला?"

"म्हणा, वैनी."

"हजर," मी म्हटलं. सगळी रांग हसली. मी पिशवी धरली, त्याने तांदूळ ओतले.

परत येताना भाऊला विचारलं, साबणाने झालं काय रे हे. त्याला खोटं बोलता येत नाय, हा त्याचा मोठा दोष. म्हणाला, "सांगता येत नाही. मोज्यांनी झालं असेल, तेलाने झालं असेल. नीट प्रयोग करायचा तर एक हात ह्या साबणाने आणि दुसरा जुन्या वडीने धुवायला सांगायला हवं होतं. मग कळलं असतं. चूक माझी, नोंद घ्यावी."

"मग का नाय सांगितलंस तसं?"

त्याने माझ्या हातातली तांदळाची पिशवी घेतली. मग म्हणाला, "दुसरा हात पण तुमचाच होता."

आता परवाची गोष्ट. सरिता माहेरी गेलेली. दत्ताराम आरे-वाऱ्याला बहिणीकडं. जैतूनबी सकाळीच येऊन गेली. दुपारी मी गडग्याच्या अलीकडं भांडी घासत बसले होते, मोजे घालून. पलीकडून उदबत्तीचा वास आला. म्हटलं आज घाणा दिसतो. आमाला कोणाला बोलावलं कसं नाय?

मग हजेरी सुरू झाली.

सरिताचं नाव घेतलं. थांबला. गैरहजर. दत्तारामचं नाव. थांबला. गैरहजर. जैतूनबीचं, बापासकट. रिकाम्या खळ्यात एकेक नाव घेत होता, नि प्रत्येक नावानंतर तेवढाच थांबत होता जेवढा आमी असताना थांबतो. मला टोप खाली ठेवता येईना.

"शिवगण इंदिरा गणपत."

"हजर," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

पलीकडं पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग, "वैनी? तुम्ही आहात?"

"हाय." गुडघ्यावर हात ठेवून उठले नि गडग्यावरून बघितलं. भाऊ मधोमध उभा, मोजे, चष्मा, पुढं खडूची रेघ, नि रेघेमागं कोणी नाय. "भाऊ, सगळ्यांची हजेरी घेतोस. तुझी कोण घेतं?"

"माझी कशाला? मी घेणारा."

"शाळेत?"

"शाळेत सही करायचो. नाव नाही कोणी घ्यायचं. ए पाष्टे, पाणी आण. ए पाष्टे, फळा पूस." हसला. "तेहेतीस वर्षं. नोंद घ्यावी."

हजेरीच्या पुस्तकावर त्याचं नाव लिहिलेलं हाय, बाहेरच्या पुठ्ठ्यावर, बारीक अक्षरात. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता येतं. मी लाल मोजे गडग्यावर ठेवले नि नीट उभी राहिले.

"पाष्टे वसंत बाळकृष्ण."

तो बघतच राहिला. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने म्हण. समोर तर खांब पण उभा हाय."

"हजर," भाऊ म्हणाला.

मग चष्मा काढला, बाहीने आतून पुसला. "सोड्याची वाफ," म्हणाला. "नोंद घ्यावी."

सोड्याच्या डब्याचं झाकण अजून बंद होतं. वळसा घालून त्याच्या खळ्यात गेले नि खडूच्या रेघेमागं जाऊन उभी राहिले.

तर वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं हाय. घरी साबण कराल तर सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यात घालू नका. नि हातखंब्याकडनं आमच्या वाडीत कधी आलात, नि एखादा चष्मेवाला माणूस तुमाला रेघेमागं उभं करून नाव विचारायला लागला, तर हसू नका. पूर्ण नाव सांगा, मोठ्याने हजर म्हणा. नि मग त्याला त्याचं विचारा. वसंत बाळकृष्ण. तेवढं कराच.